वणव्याच्या दिवसांत डोंगराची वाट

माघी पौर्णिमा उलटली की आपल्या वस्त्यांमधून लेणी-दर्शनाच्या सहलींचे बेत सुरू होतात. जयंतीच्या तयारीची बैठक असते, तिच्यातच कुणीतरी विषय काढतो. बस कुणाची करायची, वर्गणी किती ठेवायची, जेवणाचे काय, हे सगळे तासाभरात ठरते. अलीकडे त्यात एक नवी गोष्ट आली आहे. बसने लेण्याच्या पायथ्याशी उतरायचे आणि फोटो काढून तासाभरात परत फिरायचे, हे विहारातल्या तरुण मुला-मुलींना पुरत नाही. त्यांना पाठीवर पिशवी टाकून दोन-तीन दिवस डोंगरातून चालायचे असते. वाटेत एखाद्या वाडीत मुक्काम करायचा असतो. ज्या घाटवाटांनी एकेकाळी भिक्खू आणि व्यापाऱ्यांचे तांडे चढत होते, त्याच वाटांनी लेणी गाठायची असतात. मला हे फार आवडते. आपल्या आज्या-पणज्यांना डोंगर ठाऊक होता तो सरपणाच्या मोळीसाठी आणि गवताच्या भाऱ्यासाठी. हौसेने डोंगर चढणारी ही आपली पहिलीच पिढी आहे.

पण या हौसेचे दिवस कोणते? फेब्रुवारी ते मे. परीक्षा संपतात तेव्हा, कारखान्यात आणि कचेरीत रजा मिळते तेव्हा, गावाकडचे पाहुणे मुंबई-पुण्याला येतात तेही तेव्हाच. आणि सह्याद्रीत वणवे लागण्याचे दिवसही नेमके हेच. पावसाळी सहलीला निघताना आपण दरड आणि पुराची चौकशी करतो. उन्हाळ्यात निघताना टोपी, पाणी आणि खिशात कांदा घेतो. वणव्याचा विचार करून तारीख ठरवलेली सहल मात्र फारच थोड्यांनी पाहिली असेल. म्हणून हा लेख.

कुरंगणीचा रविवार

तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, बोडीनायक्कनूर या गावाजवळ, केरळच्या हद्दीला लागून कुरंगणी नावाचे लहान गाव आहे. तेथून एक वाट डोंगर चढून कोळुक्कुमलैच्या चहामळ्यापर्यंत जाते. मार्च २०१८ मध्ये या वाटेने सुमारे छत्तीस जण गेले. काही चेन्नईचे होते, काही तिरुपूर-इरोड भागातले. चेन्नईच्या गटात बहुतेक महिला होत्या आणि महिला दिनाचे निमित्त साधून ही मोहीम आखलेली होती. शनिवारी, १० मार्चला मंडळी वर चढली आणि मळ्यावर राहिली. रविवारी, ११ मार्चला उतरताना दुपारच्या सुमारास वणव्यात सापडली.

उतारावर वाळलेले उंच गवत होते आणि वारा सुटलेला होता. धूर दिसल्यावर गट फुटला. कुणी वर पळाले, कुणी खाली, काही जण घळीत उतरले आणि तेथेच अडकले. मदतीला सर्वांत आधी पोचले ते आसपासचे गावकरी आणि मजूर. नंतर सरकारी पथके आली, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली. दुसऱ्या दिवसापर्यंत नऊ जणांचे मृत्यू नोंदले गेले होते. पुढच्या काही दिवसांत इस्पितळात भाजलेल्यांपैकी एकेक जण जात राहिला आणि आकडा वीसच्या पलीकडे गेला. ही सगळी शिकलेली, नोकरी करणारी, धडधाकट माणसे होती.

नंतर चौकशी झाली. राज्य सरकारने काही काळ डोंगरभ्रमंतीवर बंदी घातली आणि पुढे नियम केले. वन खात्याचे म्हणणे असे होते की परवानगी एका वाटेची घेतली आणि मंडळी दुसऱ्याच वाटेने गेली. या कागदाचा वाद व्हायलाच हवा होता. आग दिसल्यावर काय करायला हवे होते, यावरही पुष्कळ बोलले गेले. पण मार्चच्या मध्यावर जायचे, वाळल्या गवताच्या उतारावरून जायचे, तीस-पस्तीस जणांनी जायचे आणि भर दुपारी त्या उतारावर असायचे, या चारही गोष्टी आग लागण्याच्या कितीतरी दिवस आधी, घरात पंख्याखाली बसून ठरलेल्या होत्या. डोंगरावर गेल्यावर माणसाच्या हाती फार थोडे उरते. जे काही हाती असते ते तारीख, वाट आणि वेळ ठरवतानाच असते, आणि आपण नेमके तेव्हाच जेवणाच्या यादीवर भांडत असतो.

आग चढाला पळते, माणूस चढाला थकतो

सपाट माळावरची आग आणि डोंगरउतारावरची आग यांत मोठा फरक आहे. उतारावर ज्वाळा वरच्या गवताच्या अगदी जवळ झुकलेल्या असतात. गरम हवा वरच चढते आणि पुढचे गवत पेटण्याआधीच शेकून ठेवते. म्हणून दर दहा अंशांच्या चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. वाळल्या गवतातली आग वाऱ्याच्या जोरावर ताशी दहा किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकते. पाठीवर ओझे घेतलेला माणूस चढावर ताशी दोन किलोमीटर चालला तरी खूप झाले. बरोबर लहान मूल असेल, गुडघे दुखणारी आई असेल, तर त्याहूनही कमी. ही शर्यत लावायचीच नसते.

दुसरी गोष्ट घळीची आणि खिंडीची. दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेली अरुंद घळ धुराड्यासारखी काम करते. खालून आग शिरली की वारा तिला वर ओढतो. खिंडीत दोन्हीकडचा वारा एकवटतो, त्यामुळे तेथेही आगीला जोर येतो. आता आपल्या सह्याद्रीच्या वाटा आठवून पाहा. घाट चढायचा तो नाळेतून आणि पलीकडे उतरायचे ते खिंडीतून! पाणी वाहून ज्या वाटा तयार झाल्या त्याच आपण वापरतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्या सोयीच्या असतात. गवत वाळल्यावर मात्र त्याच वाटा सर्वांत वाईट ठरतात.

आपल्याकडे पाऊस चार महिने धो धो पडतो आणि मग आठ महिने बहुतेक कोरडे जातात. पावसात कंबरभर वाढलेले गवत दिवाळीनंतर पिवळे पडायला लागते आणि होळीपर्यंत त्याचे काड होते. कुसळी गवत तर कपड्यांना टोचून बसते ते वेगळेच, पण काडी लागली की कागदासारखे पेटते. कोकणाच्या बाजूच्या उतारांवर दुपारी समुद्राकडून वारा येतो, म्हणजे आगीला पाठीमागून ढकलणारा वारा. सकाळी नऊपर्यंत जो डोंगर गप्प असतो, त्याचे दुपारी बारा ते चार या वेळातले रूप निराळे असते.

हे वणवे लागतात कशाने? वीज पडून आग लागण्याचे प्रकार आपल्याकडे कमी. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. नवे गवत चांगले फुटावे म्हणून कुणी जुने पेटवतो. भातशेतीच्या भागात राब भाजताना आग बांध ओलांडते. मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. शिकारीही लावतात. आणि विडी-सिगारेटचे थोटूक टाकणारे, तीन दगडांची चूल मांडून मटण शिजवणारे, रात्री शेकोटीभोवती नाचून ती अर्धी विझवून निघून जाणारे सहलवाले लावतात. यातला दोष देण्याची वेळ आली की बोट मात्र लगेच ठाकर-कातकऱ्यांकडे जाते, हेही आपण ओळखायला हवे. ज्यांना कायम दोषी धरले गेले अशा समाजातली माणसे आपण. दुसऱ्या गरिबाकडे पुराव्याशिवाय बोट दाखवणे आपल्याला शोभत नाही.

अमेरिकेतली एक घटना येथे सांगण्यासारखी आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटाना राज्यातल्या मॅन गल्च नावाच्या घळीत वणवा विझवायला सोळा जण होते. त्यांपैकी पंधरा जण विमानातून छत्रीने उतरलेले, म्हणजे तयारीचे गडी. आग अचानक त्यांच्या खालच्या बाजूला आली आणि गवताच्या उतारावरून वर धावू लागली. तेरा जण मेले. दोघांना कड्याजवळच्या खडकांतून पलीकडे वाट सापडली. तिसरा वाचला तो त्यांचा मुकादम वॅग डॉज. त्याने पळता पळता थांबून आपल्या पुढचेच गवत काडीने पेटवले आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडून राहिला. मोठी आग आली, पण तेथे जाळायला काहीच उरले नव्हते. ती बाजूने निघून गेली. त्याने सोबत्यांना हाका मारल्या होत्या. त्या गडबडीत कुणीही त्याच्यामागे गेले नाही.

विनयातला पटग्गि

डॉजची ही युक्ती ऐकून आपल्या वाचकांनी चकित होऊ नये. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याच विषयावरचे नियम आहेत. छब्बग्गिय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिक्खूंनी एकदा रान पेटवले. लोक चिडले, हे श्रमण आहेत की रान जाळणारे, असे बोलू लागले. तेव्हा भिक्खूने रान पेटवू नये असा नियम झाला. पुढे अडचण अशी आली की विहारांभोवती गवत माजले आणि वणवा आला की विहार जळू लागले. आधीच्या नियमामुळे भिक्खूंना प्रश्न पडला, आता काय करावे? तेव्हा भगवंतांनी वणवा आलेला असताना बचावासाठी समोरून आग लावण्याची, म्हणजे ‘पटग्गि’ देण्याची परवानगी दिली.

केवढा व्यवहारी विचार आहे हा! हौसेने किंवा आळसाने रान पेटवणे हा दोष, आणि जीव वाचवण्यासाठी केलेली कृती दोष नव्हे. नियम कशासाठी आहे हे पाहून नियम करायचा. वट्टक जातकाच्या प्रस्तावनेतही मगधातल्या प्रवासात वणवा समोर आल्यावर काही भिक्खू अशीच उलटी आग लावायला लागल्याचा उल्लेख आहे. त्या जातकात पुढे लाव्याच्या पिलाच्या सत्यवचनाने आग मागे हटते. गोष्ट गोड आहे, मुलांना जरूर सांगा. पण बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यायला शिकवले आहे, म्हणून डोंगरावर जाताना भरवसा लाव्याच्या पिलावर न ठेवता विनयातल्या व्यवहारावर ठेवावा.

एक मात्र बजावून सांगतो. समोरून आग लावण्याचा प्रयोग सहलीत कुणी करू नये. वारा कुठला, जागा किती, किती वेळ आहे, हे न कळणाऱ्याच्या हातून त्यातून दुसराच वणवा उभा राहतो. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की जे जळून गेले आहे किंवा जेथे जळण्यासारखे काही नाही तीच जागा सुरक्षित. काळी पडलेली, विझलेली जमीन, उघडा कातळ, नांगरलेले शेत, पाण्याचा डोह, रुंद मातीचा रस्ता. चालताना दर अर्ध्या तासाने अशी जागा डोळ्यांनी हेरून ठेवली पाहिजे.

बत्तीस माणसे आणि एक विसार

गेल्या वर्षी आमच्या विहारातल्या तरुण मंडळाने बेत केला तो असा. शनिवारी कर्जतला उतरायचे, कोंदिवडे गावातून कोंडाणे लेणी पाहायची, तेथून डोंगर चढून राजमाचीच्या उढेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी लोणावळ्याकडे चालत जायचे आणि तेथे बस घ्यायला येणार. वाट सुंदर आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातले ते लेणे पाहून कुणाचेही मन भरून येईल. नावे आली बत्तीस. त्यांत पाच मुले बारा वर्षांखालची आणि दोन आज्या साठीच्या पुढच्या. तारीख ठरली मार्चचा तिसरा आठवडा.

मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून मुले कागद घेऊन आली. ‘काका, बसवाल्याला विसार देऊन टाकला, आता फक्त वर्गणीच्या पावत्या फाडायच्या.’ मी विचारले, ‘कोंडाण्याहून वर चढायला निघणार किती वाजता?’ ‘बारा-साडेबारा होतील.’ म्हणजे पश्चिमेकडच्या, कोकणाकडे तोंड केलेल्या उतारावर, दुपारी एक वाजता, दोन-अडीच तासांच्या चढणीत बत्तीस माणसांची रांग. पुढचा आणि मागचा यांच्यात पाव किलोमीटर अंतर. त्यात त्या दोन आज्या.

हिशेबाच्या माणसाला दोन रकाने मांडायची सवय असते. पहिल्या रकान्यात मी लिहिले, आग लागण्याची शक्यता किती. दुसऱ्यात लिहिले, लागलीच तर सर्वांत हळू चालणारे माणूस सुटेल का. पहिला रकाना आपल्या ताब्यात नाही. त्याचा फक्त अंदाज घेता येतो. दुसरा रकाना मात्र पूर्णपणे आपला आहे आणि त्यात उत्तर ‘नाही’ असे येत असेल तर पहिल्यात कितीही कमी आकडा असला तरी बेरीज जमत नाही. तरुण पोरे म्हणतात, ‘दरवर्षी हजारो लोक जातात, काही होत नाही.’ खरे आहे. विम्याचा हप्ता भरणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णवांचेही त्या वर्षी काही होत नाही.

पहिल्या रकान्यासाठी मुलांना तीन कामे लावली. एक, भ्रमणध्वनीवर उपग्रहाचे नकाशे पाहायचे. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण खाते उपग्रहांवरून दिसलेल्या आगींच्या सूचना देते. अमेरिकेच्या नासा संस्थेचाही असा नकाशा आहे आणि तो कुणालाही फुकट पाहता येतो. आपल्या वाटेच्या आसपास गेल्या आठवड्यात किती ठिपके दिसले ते मोजावे. पण या नकाशावर सगळा भार टाकू नये. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. मधल्या वेळेत लागलेली किंवा लहान आग त्याला दिसत नाही. ठिपका असेल तर जाऊ नका, हे बरोबर. ठिपका नाही म्हणून बिनधास्त जा, हे चूक.

दुसरे काम, वन खात्याच्या त्या भागातल्या वनरक्षकाला विचारायचे की वाट खुली आहे का, परवानगी लागते का, जाळरेषा काढून झाल्या आहेत का. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा.

तिसरे काम सर्वांत मोलाचे निघाले. ज्या घरी मुक्काम आणि जेवण ठरले होते त्या मामांना फोन. त्यांना सहल नीट होईल का असे मोघम विचारले तर ते ‘या की’ असेच म्हणणार, त्यांचाही चार पैशांचा धंदा आहे. म्हणून नेमके विचारायला सांगितले. खालच्या वाड्यांची राब भाजणी झाली का? गवत अजून उभे कुठल्या अंगाला आहे आणि जळून गेलेले कुठे आहे? वाटेत पाणी कुठे टिकले आहे? मामांनी सरळ सांगितले, ‘राब भाजायचे चालूच आहेत, वरच्या अंगाचे गवत उभेच आहे. पोरेबाळे घेऊन दुपारचे चढू नका, दादा.’

एवढे झाल्यावर निर्णय सोपा असायला हवा होता. तो सोपा नव्हता, आणि याचीच चर्चा आपल्या मंडळांमध्ये होत नाही. बसचा विसार गेलेला. दोन बायांनी घरकामाच्या ठिकाणी मिनतवाऱ्या करून सुट्टी मिळवलेली, एकाने कंत्राटी कामावर दोन खाडे आधीच सांगून ठेवलेले. मुलांनी पिशव्या भरून ठेवलेल्या. अशा वेळी ‘रद्द’ हा शब्द उच्चारणारा माणूस खलनायक ठरतो. श्रीमंताची सहल रद्द झाली तर तो पुढच्या शनिवारी निघतो. आपल्याकडे पुढचा शनिवार वर्षाने उगवतो. म्हणून गरिबाच्या सहलीत धोका पत्करून पुढे जाण्याचा दाब जास्त असतो. शहाणपण कमी असते म्हणून नव्हे, सुट्टी कमी असते म्हणून.

यावर उपाय हिशेबातच आहे. बसवाल्याशी बोलून तीच बस, तेच दोन दिवस कायम ठेवले आणि ठिकाण बदलले. २० मार्चच्या लगतचाच शनिवार-रविवार होता. मंडळी महाडला गेली. १९२७ चे ते चवदार तळे, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेलाच असलेली गांधारपाले लेणी. ती सकाळच्या उन्हाआधी पायऱ्यांनी चढून पाहिली. आज्या दोन्ही वर पोचल्या. विसार बुडाला नाही, खाडे वाया गेले नाहीत. कोंडाणे-राजमाचीची वाट डिसेंबरवर टाकली.

आता मंडळाच्या पावतीवर एक ओळ छापून घेतली आहे, की हवामान किंवा वणव्याच्या कारणाने ठिकाण बदलू शकते. फेब्रुवारी ते मे या दिवसांतल्या प्रत्येक डोंगर-सहलीला पहिल्याच बैठकीत दुसरे ठिकाण ठरवायचे आणि तेही वर्गणीदारांना सांगून ठेवायचे. ठाण्या-मुंबईच्या लोकांना नालासोपाऱ्याचा स्तूप आहे, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उजेडात आणलेला. तेथे ना चढ ना गवताचा उतार. शेवटचा निर्णय तीन दिवस आधी आणि पुन्हा निघायच्या सकाळी, असा दोनदा घ्यायचा. आणि तो मताला टाकायचा नाही. आपली सवय प्रत्येक गोष्ट बहुमताने ठरवण्याची, ती चांगलीच आहे. पण धोक्याच्या बाबतीत एक जरी जबाबदार माणूस ‘नको’ म्हणाला तरी नको, हा नियम ठेवला पाहिजे. महिला मंडळाच्या ताईंनाही हा नकाराधिकार असावा. पोरांपेक्षा त्यांना मागे राहिलेल्यांची मोजदाद नीट ठेवता येते.

जायचेच असेल तर

हंगामातही काही वाटांनी, काळजी घेऊन जाता येते. रुंद गाडीरस्त्याने जाणारी वाट, वर-खाली दोन्हीकडे सुटायला जागा, आणि सकाळी नवाच्या आत चढ संपणारा बेत असेल तर मी अडवणार नाही. दहा-बाराच्या वर माणसे नकोत. माणशी चार लीटर पाणी धरा. निघताना घरी एका माणसाकडे वाटेचा कागद, नावे आणि पोचण्याची वेळ देऊन ठेवा.

कपड्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. नायलॉन, पॉलिएस्टर, जॉर्जेट हे कापड आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटते. अंगभर सुती कपडे हवेत, पायात बंद बूट. आपल्या उपासक-उपासिकांचा पांढरा पोशाख या दृष्टीने उत्तमच, पण हल्ली बाजारात पांढरा म्हणून मिळतो तो निम्मा टेरिकॉटचा असतो. हाताने चोळून, लेबल पाहून घ्या.

स्वयंपाक डोंगरात नकोच. भाकरी, ठेचा, पुऱ्या, चिवडा बांधून न्यावा. गरम जेवण हवे असेल तर ते वाडीतल्या घरी, पैसे देऊन. त्या घरालाही आधार होतो. राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे.

धूर दिसला तर तो कुठल्या बाजूने येतो आणि वारा कुठला आहे ते आधी पाहा. आग खालून येत असेल तर वर पळू नका. आडवे सरका, घळ टाळा आणि कातळाकडे, रस्त्याकडे किंवा आधीच जळालेल्या जमिनीकडे चला. पाठीवरच्या पिशव्या टाकून द्या, त्यांचा मोह नको. मुलांना मध्ये घ्या, गट फुटू देऊ नका. आग गाठणारच असे झाले तर गवत नसलेल्या जागी पाय आगीकडे करून पालथे पडा, तोंडावर कोरडा सुती रुमाल धरा. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात थंड असते. लेण्याजवळ असाल तर समोरचे अंगण दगडी आणि मोकळे आहे का ते पाहा. दगड धग अडवतो, पण धूर छताखाली साठतो. म्हणून आतल्या अरुंद खोल्यांत शिरण्यापेक्षा मोकळ्या ओसरीत, जमिनीलगत राहा. लेण्यांतल्या जुन्या शिलालेखांत ज्यांना ‘पोढी’ म्हटले आहे ती पाण्याची टाकी कुठे आहेत, हे पोचल्याबरोबर बघून ठेवावे. त्या उन्हाळ्यातही अनेकदा पाणी धरतात.

आता थोडे कडू बोलतो. आपण लेण्यांत वंदना घेतो आणि मेणबत्त्या, अगरबत्त्या लावतो. वंदना संपते, फोटो होतात, मंडळी खाली उतरतात आणि मेणबत्त्या तशाच जळत राहतात. चैत्यगृहाच्या दारापाशी उन्हाळ्यात वाळके गवत आणि पाचोळा साठलेला असतो. वारा आला की काय होईल हे सांगायला नको. शिवाय त्या काजळीने दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड काळा पडतो तो निराळाच. संरक्षित लेणी असतील तर तेथे स्वयंपाकालाही मनाईच आहे. फुले वाहा, पाणी ठेवा, त्रिसरण-पंचशील मोठ्याने म्हणा. मेणबत्ती घरच्या विहारात लावू. विहाराच्या पुढाऱ्यांनी हा नियम केला तर काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतील, झाली तरी चालेल. चुल्लवग्गातला तो नियम त्यांना वाचून दाखवावा.

लांबून वणवा दिसला तर तो विझवायला धावू नका. ते काम शिकलेल्यांचेच आहे आणि त्यांच्याही जिवावर बेतते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात वणवा विझवताना एक वनरक्षक गेला. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसरच्या अभयारण्यात वन खात्याची चार माणसे आगीत सापडून जागच्या जागी गेली. झाडाच्या ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपणारी ही माणसे पुष्कळ वेळा रोजंदारीवरची असतात, म्हणजे आपल्यासारखीच. तुम्ही सुरक्षित जागी आलात की महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा, तो लागला नाही तर ११२ लावा. गाव कोणते, डोंगराची कुठली बाजू, आग वर चालली आहे की आडवी, जवळ वाडी किंवा गोठा आहे का, एवढे सांगा. डोंगरात सगळीकडे फोन लागत नाही, म्हणून कुठल्या वळणावर लागतो हे चढतानाच एकाने वहीत टिपून ठेवावे. आणि खाली उतरताना पहिल्या घराशी थांबून त्या माणसांना सांगून जावे. त्यांची गुरे वर चरायला गेलेली असतात.